कुठलं गाव, पाव्हणं?

"लिफ्टमध्ये चार माणसं होती, ताई. चौघांचं लक्ष चार भिंतींकडं. मधे मी, चांगली इरकल नेसलेली, कपाळावर हे एवढं कुंकू. एकानं तरी विचारावं ना, बाई तू कोण, कुठली, कुणाकडं आलीस म्हणून!"

वहिनी फिनलंडहून आल्यापासून आमच्या कुंपणावर दुसरा विषय नाही. थोरली लेक एस्पोला असते. एस्पो म्हणजे हेलसिंकीला चिकटलेलं शहर, नोकियाचं मुख्य ऑफिस तिथलंच. वहिनी मे महिन्यात गेल्या, गणपतीच्या तोंडावर परतल्या. जाताना मेतकूट, सांडगे, कुळथाचं पीठ नेलं आणि येताना नुसती भडास आणली. महिनोन्‌महिने तोंड शिवून बसलेली बाई, आता कुंपणाशी उभी राहिली की कुकरच्या शिट्या झाल्या तरी हलत नाही.

"मग तुम्ही विचारायचं त्यांना," मी म्हटलं.

"विचारलं ना! खालच्या मजल्यावर एक बाई, माझ्याच वयाची. जिन्यात बूट घालत होती. म्हटलं, आपणच पुढाकार घ्यावा. माझ्या इंग्रजीत विचारलं, मुलं किती तुम्हाला? तिनं असं बघितलं, जसा काय मी तिच्या पर्समध्ये हात घातला. 'नाही' म्हणाली आणि परत बुटाकडं. संध्याकाळी लेकीनं माझी शाळा घेतली. मुलं विचारायची नाहीत, लग्न विचारायचं नाही, पगार तर नाहीच, देवधर्म नाही. म्हटलं, अगं मग बोलायचं काय? तर म्हणाली, आई, इथं गप्प बसणं हेही बोलण्यातच धरतात."

बसस्टॉपचं तर त्यांनी मला कुंपणाच्या खांबांवर बोट ठेवून दाखवलं. एक माणूस या खांबाशी, दुसरा त्या खांबाशी, तिसऱ्यानं पावसात भिजायचं पण शेडखाली दुसऱ्याजवळ जायचं नाही. कोरोनात सरकारनं दोन मीटर अंतर ठेवा म्हटलं, तेव्हा तिथल्याच लोकांनी विनोद केला होता म्हणे: हे एकदा संपू दे, म्हणजे आपल्याला परत आपल्या पाच मीटरवर जाता येईल. स्वतःवर हसतात, हे मला आवडलं. कारोलीना कोरहोनेन नावाच्या चित्रकर्तीनं 'फिनिश नाइटमेअर्स' नावाची चित्रमाला काढली आहे, २०१६ मध्ये तिचं पुस्तकही आलं. त्यातला मात्ती नावाचा बापडा घराबाहेर पडायच्या आधी दाराआडच थांबून राहतो. कशासाठी? बाहेर शेजारी असला आणि 'नमस्कार' म्हणावं लागलं तर! वहिनींच्या जावयाच्या टेबलावर ते पुस्तक होतं. वहिनींनी चित्रं बघितली आणि म्हणाल्या, आमच्या गल्लीत उलटं आहे, बाहेर शेजारी आहे का बघूनच दार उघडतात, म्हणजे गाठ पडावी.

मी आपली शाळामास्तरीण. निवृत्त झाले तरी नकाशा डोक्यातून जात नाही. म्हटलं, वहिनी, फिनलंड आपल्या महाराष्ट्रापेक्षा जरा मोठाच. महाराष्ट्र ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, तो ३ लाख ३८ हजारांच्या आसपास. आणि माणसं? ५६ लाखांच्या घरात. आपल्या एका पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख होती. एवढ्या मोठ्या मुलखात एवढीच माणसं म्हटल्यावर माणूस दिसला की त्याला घट्ट धरून ठेवायला हवं, सोडताय काय!

"लेक म्हणते, म्हणूनच. जंगलात नि तळ्याकाठी एकट्यानं राहायची सवय आहे त्यांना. समोरच्याला त्याच्या तंद्रीत राहू देणं हा त्याचा मान."

मला हे गणित काही पटलं नाही. राजस्थानच्या वाळवंटात तरी माणसं कुठं खेटून राहतात? पण तिथं वाटसरू दिसला की त्याला पाणी पाजून त्याच्या सात पिढ्या विचारल्याशिवाय सोडत नाहीत. माणसं कमी म्हणून गप्प, हे काही खरं नव्हे.

तेवढ्यात पलीकडच्या बाजूनं आवाज आला. "वैनी, मिरज सुटायच्या आत गाव कळाय पायजे."

हे आमचे नाना. तिसऱ्या कोपऱ्यावर त्यांचं घर. एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी सांगली-मिरज-जत पट्ट्यात. स्कूटर पुसत असल्याचं सोंग घेऊन आमचं सगळं ऐकत असतात. स्कूटर गेली कित्येक वर्षं चालू झालेली नाही, पण चकाचक.

"काय म्हणताय, नाना?"

"आमच्या गाडीतलं सांगतोय. माणूस सीटवर बसला की शेजारचा इचारणार, कुठलं गाव, पाव्हणं? मिरज सुटस्तवर गाव कळतंय. मग कुणाच्यातलं? मग तुमच्या गावचे अमके पाटील हायत का, त्यांची मेव्हणी आमच्या भावकीत दिलीया. कवठेमहांकाळला सोयरीक निघती. जतला उतरताना एकमेकाच्या पिशव्या धरून उतरत्यात. म्या डोळ्यानं लग्नं जमल्याली बघितल्यात गाडीत. तिकीट दोन गावचं काढलं आन् मुलगी बघायला तिसऱ्याच गावाला गेली माणसं!"

नानांना यात शिस्त दिसते आणि खरं तर आहेच. आधी 'पाव्हणं' म्हणायचं, म्हणजे अनोळखी माणूस आधी पाहुणा होतो आणि चौकशी मागून सुरू होते. तोही मुकाट्यानं उत्तर देत नाही, प्रत्येक उत्तरानंतर उलट तोच प्रश्न टाकतो. एकच जण विचारत सुटला आणि दुसरा नुसता सांगत राहिला तर ती पोलिसी चौकशी झाली. आणि निघालेल्या माणसाला 'कुठं निघालात' असं तोंडावर विचारायचं नाही, काम खोळंबतं. 'लांबचा पल्ला दिसतोय' म्हणायचं आणि गप्प राहायचं. तो आपणहून सांगतो. विचारलंही नाही आणि कळलंही! कोकणातही जाणाऱ्याला असं मागून हटकलेलं चालत नाही. म्हणजे आम्हाला काहीच धरबंध नाही असं फिनलंडवाल्यांनी समजू नये.

"पण नाना, एवढं विचारायचं कशाला? त्याला दोन तासांनी उतरायचंच आहे," वहिनी म्हणाल्या. तीन महिन्यांपूर्वी याच बाई दूधवाल्याच्या पोराची पत्रिका मागत होत्या. परदेशवारीचा गुण लागतो तो असा.

नानांनी फडकं खांद्यावर टाकलं. "वैनी, पैली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर सुटली. तवापास्नं गाड्या फेल व्हायल्यात. रातच्याला घाटात नायतर माळावर गाडी फेल झाली, तर काय करनार? ज्याला गाव इचारलंय, तो म्हंतो, चला पाव्हणं, हितनं कोसावर आमची मावशी हाय, भाकरी खाऊ, सकाळच्या गाडीनं जाऊ. न्हाय इचारलं तर बसा माळावर. इचारलं म्हंजी अंगावर घेतलं."

हे मात्र मला पटलं. त्यावर वहिनींनी जे सांगितलं ते तर फारच पटलं. लेकीला तिकडं दिवस गेले तेव्हा शेजारच्या कुणी म्हणून कुणी चौकशी केली नाही, डोहाळे तर सोडाच. वहिनी इथं बसून रडल्या होत्या, मला आठवतंय. पण सरकारकडून भला मोठा पुठ्ठ्याचा खोका आला. त्यात बाळाचे कपडे, दुपटी, थंडीचा सूट, तळाला गादी, आणि त्या खोक्यातच बाळाला झोपवायचं! १९३८ ला गरीब आयांसाठी सुरू केला आणि १९४९ पासून सगळ्यांनाच देतात. शेजारीण आली नाही, खोका आला. आता मला सांगा, जिथं बाळंतपणाची काळजी सरकारी खोका करतो, तिथं शेजारणीला विचारपूस करायची निकड काय? आणि जिथं दवाखान्यात खाट मिळवायला सुद्धा कुणाचा तरी मेव्हणा ओळखीचा लागतो, तिथं माणसं मेव्हणे शोधत फिरणारच. आपली चौकशी म्हणजे हौस आहे असं आपण म्हणतो. हौस आहेच, पण त्याखाली एक पोटाचा विमा आहे.

वहिनी म्हणाल्या, "पण बोलतात हं ती माणसं. एका ठिकाणी बोलतात."

"कुठं?"

वहिनींनी आधी नानांकडं बघितलं. नाना स्कूटरच्या पलीकडं वाकले. मग वहिनी कुंपणाशी आणखी सरकल्या.

सॉना. वाफेचं न्हाणीघर. फिनलंडमध्ये अशी ३० लाखांच्या आसपास आहेत म्हणतात, म्हणजे दर दोन माणसांमागं एकाहून जास्तच. २०२० च्या डिसेंबरात युनेस्कोनं ही त्यांची रीत मानवजातीच्या वारशाच्या यादीत घातली. हेलसिंकीच्या काल्लिओ भागात एक जुनं सार्वजनिक सॉना आहे, १९२८ पासूनचं, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. लेकीनं आईला तिथं नेलं.

"पाच-सहा बायका, ताई, अंगावर चिंधी नाही. मी टॉवेल गुंडाळून वरच्या पायरीवर कोपऱ्यात. देवा म्हटलं, काय हे. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की अशी वाफ येते की शेजारची दिसत नाही. आणि त्या वाफेत बोलायला लागली की ती म्हातारी! लेक मला मराठीत सांगत होती. नवरा गेल्याचं सांगितलं, खुब्याचं ऑपरेशन, मुलाशी पटत नाही ते. सगळं. बाहेर येऊन कपडे घातले, मान हलवली, गेली."

"नाव काय तिचं?"

"विचारलं नाही. तिनंही माझं विचारलं नाही."

मी जरा वेळ वहिनींकडं बघत राहिले. बघा की. नाव नाही, गाव नाही, कुणाच्यातली ते नाही आणि मुलाशी पटत नाही हे सांगून मोकळी. आमच्या एसटीतल्या माणसाला शेजाऱ्याचा गट नंबरसुद्धा कळतो, पण मुलाशी पटत नाही हे तो जतला उतरला तरी सांगणार नाही. उलट, 'पोरगं काय करतंय?' 'हाय की पुण्याला, बेस चाललंय.' कारण शेजाऱ्याची बायको त्याच्याच गावची निघायची आणि संध्याकाळपर्यंत बातमी वेशीत.

आणि एक गोष्ट मला नानांना विचारायचीच होती. म्हटलं, "नाना, गाव झालं, भावकी झाली. आडनाव सांगितल्यावर गप्प झालेली माणसंही बघितली असतील की तुम्ही."

नाना स्कूटरचा आरसा पुसत राहिले. मग म्हणाले, "बघितल्यात. भाकरीचं फडकं सोडलं होतं एकानं. या म्हनला जेवाय. मग आडनाव इचारलं. पोरानं सांगितलं. फडकं परत बांधलं त्यानं. म्हनला, भूक न्हाय." थोड्या वेळानं म्हणाले, "पोरगं कालेजातलं होतं. खिडकीतनं भाईर बघाय लागलं."

ही चाळण आपल्या चौकशीत पहिल्यापासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत १९०१ सालचा प्रसंग लिहिला आहे. साताऱ्याहून वडिलांकडं निघालेले लहानगे आंबेडकर आणि बरोबरची पोरं मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे. न्यायला कुणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आपणहून आला, चौकशी केली, कुठं जायचं, तुम्ही कोण? मायेनंच विचारलं असणार. पोरांनी निरागसपणे जात सांगितली. त्या माणसाचा चेहरा पालटला आणि तो मागं सरला. मग बैलगाडीवाले मिळेनात. मसूर इथून किती लांब? गाडीनं दुपारच्या चहाला पोचाल. 'कुठलं गाव, पाव्हणं' हे मला फार गोड वाटतं, पण ते ज्यांच्यासाठी गोड आहे त्यांच्यात माझा जन्म झाला म्हणून वाटतं, हेही खरं.

नाना म्हणाले, "वारीत न्हाय इचारत कोण. सगळी माउली."

माउली म्हणायचं आणि पाया पडायचं. समोरचा शेतकरी असो नाहीतर कलेक्टर. हे खरं आहे आणि दुसऱ्या कुठल्या मुलखात अनोळख्याशी बोलायची याहून सुंदर रीत असेल असं मला वाटत नाही. पण इरावती कर्व्यांनी वारीवरच्या 'वाटचाल' या लेखात हेही लिहून ठेवलंय की एकाच दिंडीत चालणारी, एकत्र अभंग म्हणणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसत. त्यांना ते टोचत राहिलं. नानांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "ते जुनं झालं." असेल. झालं असेल तर चांगलंच.

वहिनींची धाकटी त्यांच्याबरोबर फिनलंडला गेली होती. आता आपल्यातलं म्हणून सांगते, चौतीस पूर्ण, नोकरी उत्तम, लग्न नाही. इथं ती दळणाला गेली तरी गिरणीवाला विचारतो, मग, लाडू कधी? हळदी-कुंकवाला तर जाणंच सोडलं तिनं. तिकडं एवढे दिवस राहिली, ऑफिसचं कामही तिथूनच केलं, ढीगभर लोकांना भेटली, पण एकानंही विचारलं नाही. वहिनी सांगत होत्या, "रात्री साडेदहाला ऊन असतं तिकडं जूनमध्ये. तळ्याकाठी बसली होती. म्हणाली, आई, इथं मी नुसती मी आहे गं." आता तिनं तिकडं नोकरीला अर्ज टाकलाय. वहिनींनी हे सांगितलं आणि टॉवेलाची वाळलेली घडी परत उलगडून तारेवर टाकली. मी काही बोलले नाही. फिनलंडचा गुण मलाही थोडा लागला म्हणायचा.

नानांची नात पुण्याला डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. शनिवारी आली होती. तिला आमचं हे चऱ्हाट कळलं आणि ती आजोबांच्या स्कूटरवर बसून आमचीच परीक्षा घ्यायला लागली. तिच्या वर्गातून ती काय काय घेऊन येते! म्हणाली, मालिनोव्स्की नावाचा एक अभ्यासक पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला आणि १९२३ साली त्यानं लिहिलं की माणसं असं जे निरर्थक बोलतात, बरंय ना, हवा छान आहे, कुठून आलात, त्यात माहिती नसतेच. तो नुसता दोरा असतो, माणसाला माणसाशी बांधायचा. न बोलणाऱ्या परक्याची माणसाला भीती वाटते, म्हणून बोलायचं. वहिनी लगेच म्हणाल्या, "त्याला एस्पोच्या लिफ्टमध्ये घालायला हवं होतं."

इंग्लंडचं तिनं दोन वाक्यांत आटपलं. केट फॉक्स या बाईंनी २००४ च्या पुस्तकात लिहिलंय की इंग्रज हवेबद्दल बोलतो तेव्हा तो हवेबद्दल बोलतच नसतो. 'गारठा आहे नाही?' म्हटलं की 'हो ना' म्हणायचं. 'छे, मला तर नाही वाटत' म्हटलं की तुम्ही उद्धट. यावर नानांनी एकदम मान वर केली. जतला माणूस विचारतो, 'पाऊसपाणी काय म्हणतंय?' तिथं हो ना म्हणून भागत नाही. त्या प्रश्नावर बाजरी उभी असते, जनावरांचा चारा असतो. 'मृगाचा पडला, पुढं दडी मारली' असं सविस्तर उत्तर लागतं. म्हणजे प्रश्न तोच, पण लंडनला तो दोरा आणि जतला तो जमाखर्च. हे त्या मालिनोव्स्कीला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग नातीनं कोरियाचं काढलं. तिथं पहिल्या भेटीत वय विचारतात, कारण वय कळल्याशिवाय समोरच्याशी कुठल्या पायरीवरून बोलायचं तेच ठरत नाही. आपलंही काहीसं तसंच. वय कळेपर्यंत मी सुद्धा 'अहो'-'अगं'च्या मधे लोंबकळते. गंमत म्हणजे तिथं जन्मताच मूल एक वर्षाचं धरत आणि दर १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकानं वाढे. २०२३ च्या जूनमध्ये नव्या कायद्यानं सरकारी कामात वय जगासारखं मोजायला लागले आणि अख्खा देश कागदोपत्री एक-दोन वर्षांनी तरुण झाला. वहिनींनी विचारलं, हा कायदा आपल्याकडं कधी येणार?

नातीची एक इराणी मैत्रीण आहे पुण्यात. इराणी मुलं पुण्यात शिकायला येण्याची रीत जुनीच. पहिल्या दिवाळीत नातीनं तिच्यापुढं चिवड्याचा डबा धरला. ती 'नको' म्हणाली. नातीनं डबा मिटला. हॉस्टेलातली पोरं, त्यांच्यात नको म्हणजे नको. ती बिचारी रात्रभर चिवड्याच्या वासात झोपली. नंतर कधीतरी हसत हसत सांगितलं, आमच्याकडं निदान तीनदा आग्रह करायचा असतो, पहिलं 'नको' हे नको नसतंच. त्याला तारोफ म्हणतात. तेहरानचा टॅक्सीवाला पैसे द्यायला लागलं की म्हणतो, राहू द्या हो, तुमच्यापुढं ते काय! तुम्ही 'बरं' म्हणून उतरलात तर मेलात. आग्रह करून द्यायचे, दोन-तीनदा, मग तो घेतो. पुरते घेतो. मला हे ऐकून इतकं घरच्यासारखं वाटलं! आमच्या आईच्या काळी पंगतीत पानावर हात आडवा धरायचा आणि वाढप्यानं बोटांच्या फटीतून जिलबी सोडायची, हा तारोफच की. आता बुफे आल्यापासून सगळे उपाशी नाहीतर सगळे अजीर्ण.

मग वॉलमार्टचं. अमेरिकेत त्या दुकानाचा संस्थापक सॅम वॉल्टन यानं नियमच केला होता की गिऱ्हाईक दहा फुटांच्या आत आलं की डोळ्याला डोळा देऊन बोलायचं, मदत हवी का विचारायचं. १९९७ साली ते दुकान जर्मनीत गेलं, आपलं हसणं घेऊन. जर्मन गिऱ्हाइकांना कळेना की हा अनोळखी माणूस दारात उभा राहून आपल्याकडं बघून दात का काढतोय. २००६ मध्ये दुकान गुंडाळून परत. नुसत्या हसण्यानं बुडालं असं नाही, भाव आणि कामगार संघटना आणि बरंच काही होतं. पण हसण्याचाच किस्सा होऊन राहिला.

नाना म्हणाले, "आमच्या बसवर 'प्रवाशांच्या सेवेसाठी' लिव्हलंय. हसायचं न्हाय लिव्हलं."

नातीनं शेवटी वहिनींवर बाण टाकला. शिकागोला म्हणे २०१४ मध्ये दोन संशोधकांचा प्रयोग छापून आला. लोकलच्या प्रवाशांना काहींना सांगितलं शेजाऱ्याशी बोला, काहींना सांगितलं गप्प बसा. लोकांचा आधीचा अंदाज असा की बोलून प्रवास वाईट होईल. प्रत्यक्षात बोलणाऱ्यांचा प्रवास जास्त सुखाचा झाला. आता हे शोधायला शिकागोला जायची गरज नव्हती. मुंबईच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात कुणालाही विचारा. तिथं पहिला प्रश्न 'कुठं उतरणार?' हा चक्क सीटचा सौदा असतो, आणि त्याच सौद्यातून पुढं दसऱ्याला डब्याला तोरण लागतं, केळवणं होतात, हळदी-कुंकू सुद्धा. वहिनी म्हणाल्या, "त्या शिकागोच्या गाडीत फिनलंडचं कुणी नव्हतं." नात म्हणाली, "वहिनीआजी, आता आपल्याही गाडीत कुठं कोण बोलतं? सगळ्यांच्या कानात बुचं." नाना म्हणाले की हल्ली कंडक्टरच वय विचारतो तेवढं, पंचाहत्तरीच्या फुकट तिकिटाला. बाकी शेजारचा मान वर करत नाही. आधारकार्ड बघतात आणि गप. मला वाटतं फिनलंड आपल्याकडं चालत यायला लागलंय, फक्त खोका अजून आलेला नाही.

इतक्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. पाठीवर मोठी पिशवी, कुरिअरचा पोरगा. घामानं निथळलेला. वहिनी फाटकाशी होत्या, त्यांनी पार्सल घेतलं आणि नव्या शिस्तीप्रमाणं अवाक्षर न बोलता नुसती मान हलवली. पोरगा जरा गोंधळला. सही कुठं, विचारायलाही त्यांनी तोंड उघडलं नाही. नानांना ते सोसलं नाही.

"जेवलास काय रं?"

"न्हाय काका. अजून बारा पार्सलं हायत."

"कुठला तू?"

"हितलाच की."

"हितला म्हंजी? मूळ गाव?"

"लांब हाय काका."

"नाव काय?"

पोरानं पहिलं नाव सांगितलं.

"पूर्ण?"

"एवढंच चालतंय की," पोरगा हसत म्हणाला. माझ्याकडं बघितलं, गाडीला किक मारली. मी तांब्या आणायला आत वळले तोवर कोपऱ्यावर गेलासुद्धा.

नाना फाटकापर्यंत चालत आले, कोपऱ्याकडं बघत उभे राहिले. "गडहिंग्लजकडचा हाय," म्हणाले. "हेल त्या बाजूचा हाय. लांब म्हनतोय, पन लांब न्हाय."

"आजोबा!" नात स्कूटरवरून ओरडली.

"काय आजोबा? हेल काय लपतोय व्हय?"

वहिनी इतका वेळ पार्सल उलटंपालटं करत होत्या. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून पत्ता वाचला.

"अहो, हे आपल्या गल्लीचं नाहीच! मागच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं आहे. नाना, एवढं विचारलंत, पार्सल कुणाचं ते विचारलं असतंत तर?"

"ते तुमी इचारायचं होतं, वैनी. हातात तुमच्या होतं."

मग आम्ही तिघं आणि नात, सगळे मिळून मागच्या गल्लीत डॉक्टरांकडं पार्सल द्यायला गेलो. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, चहा टाकला आणि विचारलं, धाकटीचं काही जमलं का.